कापसाच्या जिल्ह्यातला टेरिकॉटचा शर्ट

वर्धा जिल्ह्यात शाळा उघडतात त्या जूनच्या अखेरीस. उरलेल्या महाराष्ट्रात वर्ग भरून पंधरवडा होत आलेला असतो; विदर्भातल्या लेकरांना उन्हामुळे तेवढी सवलत मिळते. नेमके हेच दिवस सरकी टोबण्याचे. हिंगणघाट, देवळी, सेलू, समुद्रपूर, आर्वी या तालुक्यांच्या बाजारात आई-बाप एका दुकानातून कपाशीच्या बियाण्याची पाकिटे घेतात आणि दुसऱ्या दुकानातून गणवेश. शेतात कापूस पेरायचा आणि लेकराच्या अंगात पॉलिस्टरचे प्रमाण जास्त असलेला शर्ट घालायचा, हे इथे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

नवल वाटावे असा मात्र या जिल्ह्याचा इतिहास आहे. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे पाहू लागल्या. हिंगणघाटची बनी ही देशी जात लांब आणि बारीक धाग्यासाठी नावाजलेली होती, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या प्रतीचेच नाव होऊन बसले. या कापसाची भेसळ थांबावी, बियाणे शुद्ध राहावे म्हणून सरकारने हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याला कॉटन कमिशनर नेमले. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि गाठी थेट मुंबई बंदराकडे निघाल्या. शतक संपण्याच्या आत हिंगणघाट आणि पुलगावला कापडाच्या गिरण्याही उभ्या राहिल्या. पीक, जिनिंग, सूत, कापड असे सगळे एकाच जिल्ह्यात होऊ लागले.

त्या काळात गावातल्या शाळकरी मुलाला गणवेश नव्हता. बंडी, सदरा, धोतर किंवा आखूड चड्डी, डोक्याला टोपी, मुलींना परकर-पोलके. जे घरात असेल ते. इस्त्री ही सरकारी नोकर, वकील, व्यापारी अशांच्या कपड्यांची गोष्ट. गावचा वरठी कपडे धुऊन देई ते बलुत्याच्या हिशेबात, आणि त्याची जड लोखंडी इस्त्री निघे ती लग्नकार्याला किंवा साहेबाच्या कोटासाठी.

जिल्ह्यात कपड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती खादीमुळे. वर्ध्याचे व्यापारी आणि गांधीजींचे अनुयायी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे 1921 मध्ये वर्ध्याला आले आणि सत्याग्रहाश्रम सुरू झाला. 1934 मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, पुढे मगनवाडीत राहिले आणि 1936 मध्ये शेगावला गेले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. या आश्रमांतूनच चरखा आणि खादी जिल्ह्यात रुजली.

गांधीजी स्वतः इस्त्रीच्या कामात अनभिज्ञ नव्हते. दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना धोब्याचा खर्च आणि त्याची दिरंगाई यांना कंटाळून त्यांनी धुलाईवरचे पुस्तक आणून हे काम शिकून घेतले. पहिल्यांदा खळ घालून इस्त्री केलेली कॉलर लावून ते कोर्टात गेले, तेव्हा तिच्यातून खळ गळत होती, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत. जोहान्सबर्गच्या मेजवानीला ते घालायचे होते, पण त्याला घड्या पडल्या होत्या. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटल्यावर, वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचे उत्तर गोखल्यांनी दिले. शेवटी गांधीजींनी ते उपरणे इस्त्री केलेच आणि गोखले खूश झाले. कपडे राखण्याचे काम हलके नाही आणि ते दुसऱ्यावर ढकलायचे नाही, ही गोष्ट गांधीजींच्या पुढच्या साऱ्या जगण्यात दिसते.

हीच गोष्ट त्यांच्या शिक्षणविचारातही उतरली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते आणि अध्यक्षस्थानी गांधीजी होते. शिक्षण मातृभाषेतून, सात वर्षांचे, मोफत आणि सक्तीचे असावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, त्यात कताई-विणाईला मोठी जागा मिळाली. टकळीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावे, कापूस कुठे पिकतो यातून भूगोल शिकावा, कपड्याच्या व्यापारातून देशाचा इतिहास समजून घ्यावा. सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने या पद्धतीची, म्हणजे नयी तालीमची, शाळा चालवली.

नयी तालीमची आठवण निघाली की बहुतेक लोक टकळी-चरख्यावर येऊन थांबतात. कपड्यांच्या निगेच्या दृष्टीने तिथली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. कापड तयार करण्याचे श्रम जसे मुलांचे, तसे ते राखण्याचे श्रमही मुलांचेच. सफाई हा तिथे अभ्यासाचा विषय होता. आपला कपडा आपण धुवायचा, वाळवायचा, फाटला तर शिवायचा. जाडीभरडी खादी धुतल्यावर आक्रसे, सुरकुते. पण सुरकुतीला तिथे कमीपणा नव्हता. कपडा स्वच्छ आहे की नाही एवढेच पाहिले जाई. शर्टाच्या निगेचा हिशेब पूर्ण मांडलेली अशी शाळा वर्धा जिल्ह्याने पाहिली आहे.

पुढे जे झाले ते वेगळे. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगावी शाळा पोहोचल्या, हळूहळू गणवेशही पोहोचला: मुलांना पांढरा शर्ट आणि खाकी हाफ पँट, मुलींना पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट. गणवेशामागे समतेचा विचार होता आणि तो खरा होता. पण पांढरे सुती कापड निवडताना ते रोज पांढरे आणि सपाट कोण ठेवणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नयी तालीमने मुलाच्या हाती दिलेले काम गणवेशाबरोबर घरी गेले आणि घरात ते आईच्या किंवा मोठ्या बहिणीच्या वाट्याला आले.

हे काम किती होते, ते नीट पाहायला हवे. वर्धा जिल्ह्याची जमीन बहुतांश काळी कसदार. कपाशीला ती मानवते, पांढऱ्या शर्टाला नाही. चिखलाचा डाग सोड्याच्या पाण्यात भिजवून, दगडावर आपटून काढायचा. मग निळीच्या पाण्यातून पिळून काढायचा. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी किंवा साहेबांची तपासणी असली की तांदळाच्या पेजेची खळ. इस्त्री घरोघरी नव्हतीच. तेव्हा पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे, तांब्या फडक्याने धरायचा आणि ओलसर शर्टावरून फिरवायचा. राख पडली किंवा तांब्या जास्त तापला की शर्ट गेला. तेवढा वेळ नसला की शर्टाची नीट घडी घालून रात्रभर गादीखाली किंवा पेटीखाली ठेवायची. चुलीत बहुतेक वेळा कपाशीच्या पऱ्हाट्याच जळत असत. म्हणजे कपाशीच्या शर्टाच्या सुरकुत्या कपाशीच्याच निखाऱ्यांनी काढल्या जात.

सुती कापड इतके का चुरगळते? कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी किंवा घाम आत शिरला की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात, आणि कापड वाळते तेव्हा ते जसे पडले असेल त्याच आकारात बंध पुन्हा जुळतात. पिळून दोरीवर टाकलेला शर्ट म्हणून सुरकुतलेलाच वाळतो. इस्त्री हीच क्रिया आपल्या सोयीने करवून घेते: ओलावा देऊन बंध सोडवायचे, दाबून कापड सपाट करायचे आणि उष्णतेने तिथेच वाळवायचे. पुढच्या धुण्यात सगळे पहिल्यापासून.

या फेऱ्यातून सुटका करणारा धागा ज्या प्रांतातून आला, तो लँकेशायर. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कंपनीचा धंदा सुती कापडावर छपाई करण्याचा. तिच्याच प्रयोगशाळेत 1941 मध्ये जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पॉलिस्टरचा धागा बनवला. आयसीआय कंपनीने त्याला टेरिलीन नाव दिले, अमेरिकेत ड्यूपाँटने त्याच जातीचा धागा डेक्रॉन म्हणून विकला. त्याच्या ऐंशी वर्षे आधी जो प्रांत हिंगणघाटच्या कापसासाठी आसुसला होता, त्यानेच कापसाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी जन्माला घातला.

पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे ओलाव्याने त्याचा आकार बिघडत नाही. शिवाय गिरणीत हे कापड 180 ते 200 अंश सेल्सिअसला ताणून ‘बसवलेले’ असते. हा बसवलेला आकार मोडायला बरीच उष्णता लागते, आणि आपल्याकडे कपडे धुतात थंड पाण्यात. म्हणूनच पॉलिस्टर आणि कापूस साधारण 67 आणि 33 या प्रमाणात मिसळलेले टेरिकॉट इथल्या घरगुती धुण्याला अगदी जुळले. न पिळता झटकून वाळत घातले की बऱ्यापैकी सपाट वाळते.

कापसानेही हार मानली नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स इथल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात सेल्युलोजच्या साखळ्यांना रासायनिक दुव्यांनी एकमेकींशी पक्के जोडण्याचे मार्ग शोधले. मग सुती कापडही धुऊन तसेच घालता येऊ लागले. या प्रक्रियेने कापडाची ताकद काहीशी कमी होते आणि ते महागही पडते. असे ‘रिंकल फ्री’ शर्ट आपल्याकडे ऑफिसात जाणाऱ्यांच्या अंगावर दिसले. जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत ते आले नाहीत.

टेरिकॉट मात्र आले, आणि येताना आधी प्रतिष्ठा घेऊन आले. 1960 च्या दशकात ठाण्याच्या केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडियाने ‘टेरीन’ बनवायला सुरुवात केली. सरकारने कृत्रिम धाग्याला चैनीची वस्तू मानून त्यावर भरभक्कम कर लावले होते. परदेशी टेरिलीन चोरट्या मार्गाने येई. त्या काळी टेरिकॉटचा शर्ट मिळे तो नवरदेवाला, किंवा नव्याने नोकरीला लागलेल्या मास्तराच्या अंगावर दिसे. 1982 मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जून 1985 मध्ये केंद्र सरकारने नवे वस्त्रोद्योग धोरण जाहीर करून कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. कर उतरले, उत्पादन वाढले, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून स्वस्त मिश्र कापडाचे तागे तालुक्याच्या दुकानांत येऊन पडले.

विदर्भातल्या शेतकऱ्याला यातला धोका कळला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या धोरणाविरुद्ध आवाज उठवला, कृत्रिम कापडाला ‘राजीवस्त्र’ म्हटले आणि त्याच्या होळीचा कार्यक्रम दिला. पंतप्रधान राजीव गांधींच्या नावावरून काढलेला हा शब्द कापूसपट्ट्यात सहज पोहोचला. 1921 मध्ये जमनालालजींनी विदेशी कापडाची होळी केली होती, त्याच भागात पुन्हा कापडाच्या होळीची भाषा निघाली. मागणी न्याय्य होती: कापूस राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेखाली सरकारी भावाने विकायचा आणि स्पर्धा मात्र सवलत मिळालेल्या पॉलिस्टरशी करायची, हा अन्याय होता.

तरीही गणवेशाच्या दुकानात टेरिकॉटच जिंकले. याचा दोष शेतकरी कुटुंबांच्या विसराळूपणाला देणे चूक ठरेल. हा निर्णय घरातल्या बाईने पूर्ण विचाराने घेतलेला होता.

तिचा दिवस पाहिला की विचार कळतो. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला सुरुवात होते आणि ती पुढे कित्येक आठवडे चालते. वेचणीचे काम प्रामुख्याने बायांचे. सकाळी लवकर स्वयंपाक उरकून शेतावर जायचे, संध्याकाळी पाठ मोडून परतायचे. लेकराला गणवेश एक किंवा फार तर दोन. संध्याकाळी धुतलेला शर्ट सकाळी वाळलेला हवा. पावसाळ्यात जाड सुती कापड घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस ओले राहते, त्याला कुबट वास येतो. टेरिकॉट रात्रीतून वाळते. रंग उडत नाही, विरत नाही, थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो. विजेची इस्त्री घेतली तरी ती चालवायला वीज लागते, आणि 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तासांचे भारनियमन चालू होते. अशा घरात ‘इस्त्री लागत नाही’ हे कापडाच्या व्यापाऱ्याचे वाक्य म्हणजे रोजच्या अर्ध्या तासाची मोकळीक होती. कापसाचा भाव वाढावा अशी मनापासून इच्छा असलेल्या बाईनेही ती मोकळीक घेतली, आणि ती तिच्या हक्काची होती.

याची किंमत लेकराच्या कातडीने मोजली, हेही तितकेच खरे. वर्ध्याचा उन्हाळा राज्यातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी; मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा चालू असतात, वर्गावर पत्रे असतात. पाणी न पिणारा धागा घामही पीत नाही. शर्ट पाठीला चिकटतो, मानेवर कॉलर घासते, घामोळ्या येतात. कापडात पॉलिस्टर जितके जास्त आणि वीण जितकी घट्ट, तितका त्रास अधिक. सुरकुती न पडण्याचे कारण आणि घाम न सुकण्याचे कारण एकच आहे, त्यामुळे यातून सुटायचे तर प्रमाण बदलणे हाच उपाय उरतो.

त्याच जिल्ह्यात वेगळ्या वाटाही चालू राहिल्या आहेत. सेवाग्रामला 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांना आजही खादी वापरण्याचा नियम आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम चालते. 2005 मध्ये सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ ही नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. खुद्द खादी आयोगानेही पॉलिस्टर आणि कापूस एकत्र कातून विणलेल्या ‘पॉलीवस्त्रा’ला आपल्या कक्षेत घेतले. टिकाऊपणा आणि कमी निगा यांची ओढ खादी वापरणाऱ्यांनाही होती, हे त्यावरून दिसते.

शाळेच्या शर्टासाठीही मधले पर्याय आहेत. कापूस साठ टक्के आणि पॉलिस्टर चाळीस टक्के असे उलटे प्रमाण असलेले कापड मिळते. ते टेरिकॉटइतके सपाट राहत नाही, पण न पिळता हँगरवर वाळवले तर चालून जाते, आणि अंगाला मात्र बरेच सुखाचे असते. गुळगुळीत तलम कापडापेक्षा थोड्या उठावदार विणीत सुरकुती कमी दिसते. पांढऱ्यापेक्षा आकाशी रंगात किंवा बारीक चौकटीत डाग आणि घडी दोन्ही झाकले जातात. अनेक शाळांनी आठवड्यातले एक-दोन दिवस होजिअरीचा टी-शर्ट ठेवला आहे. फासे गुंफून विणलेले असे कापड ताणले तरी मुळातच पूर्ववत होते, त्याला इस्त्री लागत नाही.

सरकारी गणवेशाची निवड मात्र नेहमी पालकांच्या हाती राहिलेली नाही. समग्र शिक्षा अभियानात एका गणवेशाला 300 रुपये, वर्षाला दोन गणवेशांचे 600 रुपये, असा हिशेब आहे आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करत असे. 2024-25 मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला: सगळीकडे आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, कापडाची खरेदी वरून, शिलाई महिला बचत गटांकडून. पंधरा ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून खरेदीचा अधिकार पुन्हा समित्यांना दिला.

शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे शर्ट धुणाऱ्या बायांच्या हाती आता पुन्हा शर्टाचे कापड ठरवण्याचा कागदोपत्री अधिकार आहे. तो वापरायला फार विद्या लागत नाही. व्यापाऱ्याकडून दोन-तीन नमुन्यांचे हातभर तुकडे मागून घ्यावेत. त्यातला एक धागा काढून जाळून पाहावा: सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. तुकडे घरच्या साबणाने धुऊन, न पिळता दोरीवर टाकावेत आणि सकाळी पाहावे की कोणता वाळला, कोणता किती चुरगळला, कोणता हाताला गार लागतो. शिलाई गावातल्याच गटाला दिली तर कॉलर मऊ ठेवता येते, बाही सैल ठेवता येते, वाढत्या अंगासाठी शिवणीत कापड सोडता येते. आणि त्याच बैठकीत एक ठराव लिहून घ्यावा: शाळेत गणवेशाची स्वच्छता पाहिली जाईल, इस्त्री पाहिली जाणार नाही.